जकातीच्या हिशेबात निघालेलं कार्ड

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मिरजेत रात्र उशिरापर्यंत मावळत नाही. तरावीहची नमाज संपते आणि माणसं बाजाराकडे वळतात. शेवया, खजूर, चारोळी, सुका मेवा, बांगड्या, मुलांचे कपडे, चपला. गेली काही वर्षं गुढीपाडवा आणि रमजान ईद मागंपुढंच येत असल्यानं दुकानात एका बाजूला कुर्ता-पायजमा बघणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला पाडव्याची साडी निवडणारे. गर्दी एकच, घाई एकच. आणि गल्ल्यापाशी आलं की प्रश्नही एकच, ‘कार्ड चालेल ना?’

चालतं. हल्ली सगळीकडे चालतं. तेच या लेखाचं कारण आहे.

रमजानमध्ये आणखी एक काम घरोघरी चालतं, ते बाजारात दिसत नाही. ते म्हणजे जकातीचा हिशेब. बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरखर्च आणि देणी वजा जाता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर राहते, त्यानं तिच्यातला अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा. ही मर्यादा परंपरेनं साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी मोजतात. जकात हे दान नव्हे, ते कर्तव्य आहे, इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. वर्षातल्या कोणत्याही महिन्यात देता येते, पण पुण्य अधिक म्हणून बहुतेक जण रमजानमध्येच वही काढतात.

माझ्या आपाच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या घरी हा हिशेब दरवर्षी तिचा मुलगा करतो. पुण्यात नोकरीला आहे, सुटी काढून येतो. सोन्याचा त्या दिवसाचा भाव फोनवर बघतो, आईच्या दागिन्यांचं वजन लिहितो, बँकेतली शिल्लक मांडतो, रक्कम काढतो आणि मग पाकिटं घेऊन सायकलवरून चार घरी पोचवून येतो. लहानपणापासून हे काम त्याचंच. यंदा हिशेब मांडता मांडता त्यानं मला सहज विचारावं तसं विचारलं, ‘मामू, क्रेडिट कार्डाची बाकी जकातीतून वजा करायची का?’

मी म्हटलं, ‘देणं असेल तर वजा होतं. पण ज्याचं देणं त्याच्याच हिशेबातून. आपाकडं कुठं कार्ड आहे?’

तो गप्प बसला. पेन नुसतंच कागदावर टेकवून ठेवलं. मग म्हणाला, ‘माझं आहे.’

बाकी होती साडेपस्तीस हजार. गेल्या रमजानमध्ये ती चाळीस हजार होती. कंपनीच्या दारात टेबल मांडून बसलेल्या एका बँकेच्या माणसानं त्याला कार्ड दिलं होतं, फुकटात, वर एक बॅगही. पहिल्या पगारवाढीचा आनंद होता. त्यानं बहिणीला फोन घेतला, आईला मिक्सर, सगळ्यांना कपडे. आणि एका दिवसाच्या इफ्तारीसाठी मशिदीत फळांच्या पेट्या आणि खजूरही पाठवले. तेही कार्डावर. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं. पैसे कुठून आले, हे कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर अकरा महिने त्यानं कार्डावर नवीन खरेदी केली नव्हती आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा येतो तो तो इमानेइतबारे भरत होता. त्याची समजूत अशी की बँक जेवढं मागते तेवढं आपण देतो, म्हणजे आपण नीट वागतोय.

शेजारचे काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला, तो वाचकांनीही एकदा मांडून पाहावा. चाळीस हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे १,४०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. म्हणजे पहिल्याच महिन्यात बाकी ४१,६५२. किमान रक्कम तिच्या पाच टक्के, म्हणजे २,०८३. हे भरले की मूळ कर्ज कमी होतं फक्त ४३१ रुपयांनी. असं अकरा महिने चाललं. भाच्यानं भरले एकवीस हजार सातशेच्या आसपास. कर्ज उतरलं साडेचार हजारांनी. बाकीचे सतरा हजारांवर रुपये कुठं गेले, तर व्याजात आणि करात.

काका म्हणाले, ‘पोरा, तू हप्ता भरत नव्हतास. तू भाडं भरत होतास.’

मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. कुरआनच्या नवव्या अध्यायात जकात कुणाला द्यावी त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. गरीब, निराधार, वाटसरू आणि त्यात एक प्रकार कर्जात बुडालेल्यांचाही. भाच्याच्या खात्यात तेव्हा नऊ हजार रुपये होते आणि डोक्यावर साडेपस्तीस हजार. म्हणजे इतकी वर्षं जो मुलगा दुसऱ्यांच्या दारात जकातीची पाकिटं पोचवत होता, तो स्वतः ती घ्यायला पात्र झाला होता. आणि हे त्यालाही कळलं होतं. म्हणूनच तो प्रश्न इतका हळू आवाजात आला होता.

आपा नंतर म्हणाली, ‘वर्षभर म्हणत होता पगार उशिरा होतोय. मला खरंच वाटलं.’ प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक प्रार्थना हदीसमध्ये आहे. ते पापापासून आणि कर्जापासून ईश्वराचं संरक्षण मागत. कर्जापासून इतक्या वेळा का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की माणूस कर्जात पडला की बोलताना खोटं बोलतो आणि दिलेला शब्द मोडतो. चौदाशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आमच्या घरात खरं ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. कर्जानं त्याला खोटं बोलायला शिकवलं.

आता इथं आमच्याच लोकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. व्याज हराम आहे, हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. मुदतठेवीचं व्याज घ्यावं की नाही यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. ते सहा-सात टक्के असतं. पण वर्षाला बेचाळीस टक्के पडणारं व्याज आमची मुलं दरमहा देतात आणि त्यावर मात्र घरात शब्द निघत नाही, कारण त्याला कुणी व्याज म्हणत नाही. बिलावर ‘वित्त शुल्क’ असं गोंडस नाव असतं.

कार्ड वापरणंच चूक का? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही म्हणतात की करारातच व्याजाची अट आहे, म्हणून सहीच करू नये. अनेकांचं म्हणणं असं की मुदतीच्या आत पूर्ण बिल भरलं तर व्याजाचा प्रश्नच येत नाही, मग वापरायला हरकत नाही. मी मुफ्ती नाही, निवाडा करणार नाही. पण दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि ती महत्त्वाची आहे. बाकी ठेवून व्याज भरत राहणं कुणीच योग्य मानत नाही. आपण भांडतो कार्डावर आणि घसरतो किमान रकमेवर.

कर्ज घेणं हेच पाप, असंही इस्लाम म्हणत नाही. प्रेषितांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांचं चिलखत मदिनेतल्या एका ज्यू माणसाकडे गहाण होतं. घरच्यांसाठी घेतलेल्या जवाच्या बदल्यात. म्हणजे गरजेला उसनं घेणं आणि त्यासाठी वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्यावर विसंबणं, दोन्ही त्यांच्या आयुष्यात होतं. पण ते उसनं पोटासाठी होतं, चारचौघांत दिसण्यासाठी नव्हतं. आणि तेच प्रेषित कुणाची जनाजाची नमाज पढवण्याआधी विचारत, याच्यावर कर्ज आहे का? एकदा मृतावर दोन-तीन दिनारांचं कर्ज निघालं, तर ते नमाजेसाठी पुढं झाले नाहीत. अबू कतादा नावाच्या सहकाऱ्यानं ते कर्ज स्वतःवर घेतलं, मग नमाज झाली. कर्ज फेडणं ही किती मोठी जबाबदारी आहे, हे यावरून कळावं.

म्हणूनच मला त्या इफ्तारीच्या फळांबद्दल आजही चुटपुट लागते. देणं डोक्यावर असताना आधी देणं फेडावं, ऐच्छिक दान नंतर करावं, असंच जाणकार सांगतात. उधारीच्या कार्डावर केलेलं दान बँकेच्या पैशानं केलेलं असतं. रोजेदारांचं तोंड गोड झालं, पण त्या खजुरांचं व्याज पोरगा अकरा महिने भरत होता. आपल्याकडे मराठीत म्हणतातच, ऋण काढून सण करू नये. ती म्हण काही एका धर्माची नाही. गणपतीची आरास, मुलीचं लग्न, दिवाळीचा सोफा, ईदचे कपडे, सगळ्यांना ती सारखीच लागू आहे.

महाराष्ट्राला तर कर्ज काय करतं, हे वेगळं शिकवायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. कर्जरोखे हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. का, तर त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला.

आज आपण शिकलेलो आहोत. तरीही फोनवर आलेल्या लांबलचक अटी न वाचता खाली ‘मान्य’वर बोट ठेवतो. अंगठा तोच आहे, फक्त शाई गेली. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजेबद्दल किंवा रोजाबद्दल नाही, ती कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. उधारीची मुदत ठरवा, लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, मजकूर देणेकऱ्यानं सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. म्हणजे देणेकऱ्याला काय लिहिलं जातंय ते पूर्ण कळलं पाहिजे. कार्डाच्या बाबतीत नेमकं तेच होत नाही.

तेव्हा काय लिहिलेलं असतं, ते थोडं पाहू. कार्डावर व्याजाशिवाय मिळणारी मुदत साधारण वीस ते पन्नास दिवसांची असते. बिल तयार होण्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर जास्त दिवस, आदल्या दिवशी केली तर कमी. पण ही सवलत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला आहे. थोडीशी बाकी ठेवली की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि पुढच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून लागतं. कार्डानं एटीएममधून रोख काढली तर सवलत नाहीच. शुल्क वेगळं, व्याज त्याच दिवसापासून. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याज नसतं असं नाही, ते सवलतीच्या रूपानं वळतं केलेलं असतं. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच माथी. मीही गेल्या वर्षी टीव्ही असाच घेतला, तेव्हा भाच्याला बोलताना माझीही मान थोडी खाली होती.

व्याजावर मर्यादा असेल असं अनेकांना वाटतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे आता आपलं रक्षण आपल्यालाच करायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी काही हत्यारं मात्र हातात दिली आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. तुमची संमती घेतल्याशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड किती लांबते, याचा इशारा बिलावर द्यावा लागतो. बाकी शून्य करून कार्ड बंद करायला सांगितलं, तर बँकेनं ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं. नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. बँकेनं तक्रारीची तीस दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला फी नाही.

कार्ड वापरायचंच असेल तर माझं मत साधं आहे. ते रोखीच्या जागी वापरा, पगाराच्या जागी नको. खात्यात आज जेवढे पैसे आहेत तेवढ्याचीच खरेदी कार्डावर करा. बँकेला आपोआप वळतं करायची सूचना देताना ‘किमान’ नव्हे, ‘पूर्ण’ रक्कम निवडा. बिलाची तारीख पगारानंतर येईल अशी बदलून घ्या, तशी सोय आहे. मित्राला सूट मिळावी म्हणून आपलं कार्ड देऊ नका, बाकी तुमच्या नावावर राहते आणि मैत्रीही राहत नाही. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर जास्तच सांभाळा, कारण मग वडापावही उधारीवर खाल्ला जातो आणि कळत नाही. एकाहून जास्त कार्डं तर लागतच नाहीत.

आणि जे आधीच अडकले आहेत, त्यांनी आधी वापर थांबवावा. चाळीस हजारांची बाकी असेल आणि किमान रकमेऐवजी दरमहा पाच हजार भरले, तर ती दहा महिन्यांत संपते आणि व्याज-कर मिळून साधारण साडेनऊ हजार जातात. तेवढं जमत नसेल तर कमी व्याजाच्या हप्त्यांसाठी बँकेशी बोलावं. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डानं भरू नये. आणि सगळ्यांत आधी घरात सांगावं. हे सगळ्यांत अवघड आहे, हे मला माहीत आहे.

आम्ही काय केलं तेही सांगतो. नियमानं आई मुलाला जकात देऊ शकत नाही, पण मामा भाच्याला देऊ शकतो. मी तसं सुचवलं. तो नको म्हणाला. ‘ज्यांचं आहे त्यांना द्या मामू, मी कमावतोय.’ मग मी त्याला पस्तीस हजार कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने दिले. वरचे त्यानं आपल्या खात्यातून घातले आणि बिल शून्य केलं. दरमहा साडेतीन हजार, दहा महिने. कागद केला. मजकूर त्यानं सांगितला, कारण देणेकरी तो आहे. साक्षीदार म्हणून आपानं सही केली आणि दुसरी शेजारच्या काकांनी. काका सही करताना म्हणाले, ‘इतकी वर्षं बँकेत होतो, पण बिनव्याजी रोख्यावर सही पहिल्यांदाच करतोय.’

प्रत्येकाला मामा असतो असं नाही, असला तरी त्याच्याकडे पैसे असतात असंही नाही. म्हणून ही गोष्ट घरापुरती ठेवून चालणार नाही. बिनव्याजी पतसंस्था महाराष्ट्रात काही ठिकाणी चालतात. आपल्याही शहरात मशिदीच्या कमिट्यांनी, बचत गटांनी, मंडळांनी याचा विचार करायला हवा. मोठ्या इफ्तारीचा खर्च थोडा कमी करून दहा पोरांची कार्डं शून्यावर आणता आली, तर ते पुण्य कमी भरेल का? जुम्याच्या खुत्ब्यात व्याजावर बोलताना एकदा ‘किमान देय रक्कम’ हा शब्दही उच्चारला जावा. आणि ज्यांचे पैसे दुसऱ्याकडे अडकले आहेत त्यांनी लक्षात ठेवावं की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि माफ करू शकलात तर ते तुमच्याच भल्याचं, असंही कुरआन सांगतो.

रोजा म्हणजे शेवटी काय? दुपारी चार वाजता समोर पाण्याचा तांब्या असतो. पाणी आपलं असतं, हलाल असतं, कुणी बघतही नसतं. तरी आपण मगरिबच्या अजानपर्यंत हात लावत नाही. आपलं आहे, पण अजून वेळ झाली नाही, एवढंच महिनाभर शिकायचं असतं. कार्ड याच्या उलट शिकवतं. आपलं नाही, पण आत्ताच घे. तीस दिवस पहिला धडा गिरवायचा आणि ईदच्या बाजारात दुसरा, असं करून कसं चालेल?

भाच्याचा पहिला हप्ता काल आला. आपाकडं यंदा ईदला नवा कुर्ता फक्त धाकट्या नातीला शिवलाय. शिरखुर्मा नेहमीसारखाच होणार आहे. वाटी शेजारच्या काकांकडेही जाईल, साक्षीदार आहेत ते.